टेंपोवर झाड पडलं, विमा कशाचा होता?



आगोटीची कामं सगळीकडे चालू असतील. कुणाची मिरची कुटायची राहिली असेल, कुणाची लाकडं अजून अंगणात असतील. हात चालू ठेवा, कान इकडे द्या. आज गाडीच्या विम्याबद्दल बोलायचंय. ‘आमच्याकडे कुठली गाडी’ असं म्हणून रेडिओ बंद करू नका. दारात स्कूटी आहे, मुलाची मोटारसायकल आहे, गटाचा टेंपो आहे, कुणाच्या घरची रिक्षा आहे. आणि या सगळ्या गाड्या मे महिन्यात कुठे उभ्या असतात? झाडाखाली.

आमच्याकडच्या एका गटाचा लहान टेंपो आहे. कोकम, पापड, पोहे घेऊन आठवडा बाजाराला जातो. कर्ज होतं तोवर विम्याचा कागद बँकच मागायची, त्यामुळे तो नीट असायचा. कर्ज फिटलं, आम्ही पेढे वाटले, आणि त्याच महिन्यात विम्याची तारीख आली. एजंटने दोन आकडे सांगितले. एक दुसऱ्यापेक्षा साडेचार हजारांनी कमी. ‘पोलिसाला दाखवायला हाही चालतो ताई,’ म्हणाला. खोटं नव्हता बोलत. स्वस्तातला घ्या म्हणणाऱ्यांत मीही होते. ठराव वहीत माझ्याच अक्षरात आहे.

गेल्या मे महिन्यात एका संध्याकाळी वारा सुटला आणि आतून पोकळ झालेला जुना रायवळ आंबा टेंपोच्या केबिनवर आला. टेंपो चालवणारी आमची मैत्रीण चहाला घरात गेली होती, म्हणून आज ती आपल्यात आहे. दुरुस्तीचा अंदाज निघाला ५२ हजार. विम्यातून मिळालं शून्य. भांडायला जागाच नव्हती, कारण कागदावर तसंच लिहिलेलं होतं.

काय लिहिलं होतं ते समजून घ्या. गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली, कुणाचा जीव गेला, कुणाची वस्तू मोडली, तर ती भरपाई यातून जाते. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने हा सक्तीचा आहे. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, त्याला ओन डॅमेज म्हणतात. आग, चोरी, वीज, वादळ, पूर, दरड, बाहेरून बसलेला मार हे सगळं यात येतं. झाड पडणं इथेच बसतं, मग गाडी उभी असो की चालती. दोन्ही भाग एकत्र असले की पॅकेज किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी. कागदावर ‘लायबिलिटी ओन्ली’ असं छापलेलं असेल, तर समजा की झाड पडल्यावर हात रिकामे.

दुचाकीवाल्या बायकांची इथे हमखास गफलत होते. सप्टेंबर २०१८पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा विमा एकदम भरावा लागतो. म्हणून आपण म्हणतो, ‘माझा पाच वर्षांचा आहे, काळजी नाही.’ पण तो पाच वर्षांचा विमा थर्ड पार्टीचा. स्वतःच्या गाडीचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो आणि गुपचूप संपून जातो. तो एकटा वेगळा विकत घेता येतो. मधे खंड पडला असेल तर कंपनी आधी गाडी तपासून मग देते.

‘पंचनामा होईल की,’ असंही कुणी म्हणतं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा आपण पंचनाम्यासाठी किती दिवस वाट बघितली ते आठवा. सरकारी मदत घराला, गोठ्याला, जनावराला, पिकाला असते. गाडी त्या यादीत नसते. तरी तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत घेऊन ठेवा, विम्याच्या दाव्याला पुरावा म्हणून कामी येते.

आता समजा विमा पक्का आहे आणि झाड पडलं. आधी वर बघा. झाडाबरोबर वीजवाहिनी आली असेल तर गाडीला हात लावायचा नाही, १९१२ला फोन करायचा. मग फोटो. झाड गाडीवर असतानाच काढा, नंबरप्लेट दिसू दे, उन्मळलेलं खोड दिसू दे. आपल्याकडे झाड पडलं की पाच मिनिटांत कोयता, कुऱ्हाड घेऊन दहाजण धावतात. माया असते त्यात, पण पुरावा चुलीत जातो. कंपनीला त्याच दिवशी फोन करा आणि तक्रारीचा नंबर वहीत लिहा. रस्ता अडला असेल तर फोटो काढून झाड बाजूला करायला हरकत नाही. गाडी मात्र चालू करून बघू नका. त्यातून इंजिन बिघडलं तर ते पैसे मिळत नाहीत. कंपनीचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू द्यायचा नाही.

पैसे पूर्ण मिळतात का? नाही. साडेतीन वर्षांच्या घरगुती कारचं उदाहरण घेऊ. बिल ४० हजार. त्यात काच ८ हजारांची, तिची कपात नाही. प्लास्टिकचे भाग ६ हजार, त्याचे निम्मे कापले, ३ हजार गेले. पत्र्याचं सामान १६ हजार, या वयाच्या गाडीला पाव भाग कपात, ४ हजार गेले. मजुरी १० हजार, ती पूर्ण. राहिले ३३ हजार. त्यातून लहान कारला १ हजार आपल्या पदरचे धरतात. हातात ३२ हजार. जास्त हप्ता भरून ‘झिरो डेप’ घेतलं तर वय बघून होणारी ही कपात टळते.

मालवाहू टेंपोचं आणखी एक आहे, आणि हे एजंट आपणहून क्वचितच सांगतो. साध्या पॅकेजमध्ये दिवे, टायर, मडगार्ड, बंपर आणि रंग यांचे पैसे मिळत नाहीत. त्यासाठी ‘आयएमटी २३’ नावाची जोड थोडे पैसे भरून घ्यावी लागते. झाड पडल्यावर आधी हेच तर फुटतं! पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने लावली असेल, तर दावा नाकारला जाऊ शकतो. गटाची गाडी एकीच्या नावावर असेल, तर पैसेही तिच्याच नावाने येणार. ते गटाच्या खात्यात जमा करायचे, असा ठराव आजच लिहून ठेवा, नंतर रुसवेफुगवे नकोत.

आरसा तुटला, एवढ्या तेवढ्यावर दावा करू नका. दावा न केलेल्या वर्षांची सूट २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाते. एकदा दावा केला की ती जाते.

कंपनी दाद देत नसेल तर विमा नियामकाचा १५५२५५ हा नंबर आहे. त्यानंतर विमा लोकपाल आहेत, मुंबईत आणि पुण्यातही. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

आणि झाड माणसावरही पडतं. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा १८ ते ७० वयाच्या बायकांना घेता येतो. अपघाती मृत्यूला २ लाख. त्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणजे खात्यात शिल्लक मेअखेर हवी.

येत्या बैठकीला ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी विम्याचा कागद घेऊन या. अक्षर बारीक असतं, चष्मा विसरू नका. आमच्या टेंपोचा पत्रा ठोकून झालाय, रंग अजून बाकी आहे. या वेळी दोन्ही भाग भरलेत, आणि टेंपो आता शाळेच्या मोकळ्या पटांगणात, भर उन्हात उभा असतो.