भाषा ज्याच्यापाशी आहे तो



आज तुम्हाला फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला, बिस्केच्या उपसागरावरच्या सँ-जाँ-द-ल्यूझ या गावी न्यायचे आहे. स्पेनची हद्द तिथून दहा-पंधरा किलोमीटरवर. गावाला दोन नावे आहेत. एक हे फ्रेंच आणि दुसरे बास्क, दोनिबाने लोहिसुने. देवमाशांची शिकार करणारे, राजाच्या परवान्याने शत्रूची जहाजे लुटणारे आणि पुढे सार्डिन, ट्यूना पकडणारे दर्यावर्दी इथे नांदले.

गावात गेलात तर संत योहानाचे चर्च चुकवू नका. आत भिंतींना लागून एकावर एक लाकडी सज्जे आहेत. पूर्वी पुरुष वर सज्ज्यांत बसत, स्त्रिया खाली. 9 जून 1660 रोजी चौदावा लुई आणि स्पेनची राजकन्या मारिया तेरेसा यांचा विवाह इथे झाला. नवपरिणीत जोडपे ज्या दाराने बाहेर पडले ते आज दगडांनी बुजवलेले आहे. त्यातून पुन्हा कोणी जाऊ नये म्हणून ते बुजवले, असे सांगतात.

या सोयरिकीआधी, 7 नोव्हेंबर 1659 रोजी, जवळच्या बिदासोआ नदीतल्या फेझंट बेटावर दोन्ही राज्यांचा तह झाला होता. ते चिमुकले बेट आजही सहा महिने स्पेनकडे आणि सहा महिने फ्रान्सकडे असते. बास्क मुलूख आधीच दोन राज्यांत वाटलेला होता. तहाने ती वाटणी पक्की केली. हद्दीजवळ राहणाऱ्या आपल्या लोकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

बास्क लोकांची भाषा एउस्कारा. जगातल्या कोणत्याही भाषेशी तिचे नाते सिद्ध झालेले नाही. गोवेकरांना तिचा एक शब्द मात्र नकळत ठाऊक आहे: ‘झेवियर’. मुळात ‘एचेबेरी’, म्हणजे नवे घर. संत फ्रान्सिस झेवियर हे याच मुलखाच्या नवार भागातले.

स्पेनमध्ये फ्रँकोच्या राजवटीत ही भाषा दडपली गेली. 1979 नंतर तिथल्या स्वायत्त बास्क प्रांतात ती राजभाषा झाली. फ्रान्समध्ये तो मान तिला आजही नाही. म्हणून पालकांनी 1969 मध्ये ‘सेआस्का’ नावाची संस्था काढून बास्क माध्यमाच्या शाळा उभ्या केल्या. सेआस्का म्हणजे पाळणा. बोलींमधले अंतर फार, म्हणून 1968 पासून विद्वानांनी लेखनासाठी एक प्रमाणरूप ठरवत नेले. 2021 मध्ये फ्रान्सच्या संविधान परिषदेने सगळे विषय प्रादेशिक भाषेतून शिकवण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले.

आपण ध्यानात ठेवावे असे त्यांच्याकडे आणखी एक आहे. बास्क माणसाला त्यांच्या भाषेत ‘एउस्काल्दुन’ म्हणतात. शब्दशः अर्थ, एउस्कारा ज्याच्यापाशी आहे तो. त्यात ना वंश, ना आडनाव, ना जन्मगाव. भाषा असेल तर तुम्ही त्यातले.

ही कसोटी आपल्याला लावून पाहा. पिढ्यान्‌पिढ्या आपण महाराष्ट्राबाहेर आहोत. आडनावे टिकली, गणपती टिकला, पुरणपोळी टिकली. पण नातवंडाने आजीला हिंदीत किंवा इंग्रजीत उत्तर दिले की आपण कौतुकाने हसतो. शाळेसाठी सरकारशी भांडावे लागेल, जरूर भांडू. जेवताना मुलांशी मराठीत बोलायला मात्र कोणाचीच परवानगी लागत नाही. ते आज रात्रीपासून करता येईल.