उचल घेतलेला तरुण आणि स्वर्गातली विणकरीण



कामगार संघटनेत उभी हयात घालवलेला माणूस या व्यासपीठावरून चीनमधल्या अप्सरा, भुते आणि नागिणी यांच्या प्रेमकथा सांगणार, हे ऐकून काहींना हसू आले असेल. किमान वेतनावर बोला, असे चालकांनी सुचविलेही होते. परंतु त्या विषयावर आम्ही वर्षभर बोलतच असतो. शाळा आमची सातवीत सुटली. पुढचे सारे वाचन पाळी संपल्यावरचे. चिनी भाषा आम्हांस येत नाही. या गोष्टी आम्ही इंग्रजीच्या आधाराने, कोश मांडीवर घेऊन वाचल्या. आणि वाचता वाचता ध्यानात आले की, यांतल्या काही गोष्टींत प्रेम मागून येते. आधी येते ते कर्ज.

डोंग योंगचीच गोष्ट घ्या. चौथ्या शतकात गान बाओ नावाच्या इतिहासकाराने अद्भुत गोष्टींचा संग्रह केला, त्यात ती आहे. आई लहानपणीच गेलेली, बाप म्हातारा. हा शेतात राबे आणि बापाला लहानशा गाड्यावर बसवून बरोबर नेई. बाप मेला तेव्हा मर्तिकाला पैसा नाही. म्हणून त्याने स्वतःलाच विकले. आमच्या यंत्रमागाच्या गावात याला उचल म्हणतात. ऊसतोडीलाही हाच शब्द. मालकाने 10,000 नाणी दिली. तीन वर्षे शोक पाळून डोंग योंग कामावर निघाला, तो वाटेत एक स्त्री भेटली आणि म्हणाली, मला तुमची बायको व्हायचे आहे.

दोघे मालकाकडे गेली. मालक म्हणाला, अरे, ते पैसे मी तुला देऊनच टाकले होते. असा मालक आम्हांला अजून भेटायचा आहे! पण पुढे ऐका. डोंग योंग ऋण ठेवायला तयार नाही, हे पाहून मालकाने विचारले, तुझ्या बायकोला काय येते? विणता येते म्हणताच 100 ठाणांचा आकडा तयार. तिने 10 दिवसांत 100 ठाणे रेशीम विणून दिले. दाराबाहेर आल्यावर तिने सांगितले की, मी स्वर्गातली विणकरीण. तुमची पितृभक्ती पाहून देवाधिराजाने तुमचे कर्ज फेडायला मला धाडले होते. एवढे बोलून ती आकाशात निघून गेली.

ही गोष्ट आम्ही एकदा रात्रीच्या अभ्यासवर्गात सांगितली. मागवाल्यांनी लगेच हिशेब मांडला. दिवसाला 10 ठाणे, तेही हातमागावर! एकाने विचारले, माप कोणी घेतले? मापात कापड कसे गळते, हे त्याला ठाऊक. कोपऱ्यात कांड्या भरणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, पर तिनं कुणाची उचल घेतली हुती?"

आम्ही निरुत्तर झालो. जुन्या गोष्टीत तिला डोंग योंग आवडला की नाही, हे कोणी विचारलेलेच नाही. हुकूम झाला, ती आली. काम झाले, ती गेली. याला प्रेमकथा म्हणायला धाडस पाहिजे.

परंतु लोक गोष्ट जशीच्या तशी ठेवीत नाहीत. चहा खुडणाऱ्यांच्या गाण्यांतून निघालेले ह्वांगमेय नावाचे चिनी संगीत नाट्य आहे. त्यात ही अप्सरा स्वर्गाच्या राजाची सातवी मुलगी झाली आणि कोणी न धाडता, आपल्या मनाने खाली उतरली. यावर 1955 साली चित्रपट निघाला. येन फेंगयिंग या नटीने ती भूमिका केली. 1950 च्या विवाहकायद्याने वडीलधाऱ्यांनी लादलेले विवाह चीनमध्ये नुकतेच बंद केले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रेक्षकांना ती इतकी जवळची का वाटली, ते कळते. तिथे एका रात्रीत 10 ठाणे विणण्याची अट आहे. ती बहिणींना बोलावते आणि सगळ्या मिळून रात्रभर विणतात. तीन वर्षांची चाकरी 100 दिवसांवर येते. बहिणी एकत्र आल्या म्हणून मुदत घटली, हे आमच्या धंद्याच्या माणसाला आवडणारच! परंतु मुदत संपवून घरी निघालेल्या त्या जोडप्याला वाटेतच स्वर्गाचा हुकूम गाठतो. परत ये, नाहीतर नवऱ्याचा जीव जाईल. पोटात मूल असताना तिला जावे लागते.

श्वेत नागिणीची गोष्ट तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. फेंग मेंगलुंगच्या 1624 च्या कथेत ती भयंकरच आहे. पुढे लोकांनी तिला पतिव्रता केले आणि तिला मनोऱ्याखाली कोंडणारा भिक्षू खलपुरुष ठरला. हांगचौचा तो मनोरा 1924 साली खरोखरच कोसळला, तेव्हा लु शून यांनी आपला आनंद लिहून ठेवला. 2002 पासून तेथे नवा मनोरा उभा आहे. असो.

बाईंच्या प्रश्नाच्या जवळ जाणारी गोष्ट आम्हांला पू सोंगलिंगकडे सापडली. हा शांतुंग प्रांतातला मास्तर, 1640 ते 1715 चा. वरच्या परीक्षांत पुनःपुन्हा नापास झाला आणि सुमारे 30 वर्षे दुसऱ्याच्या घरी राहून मुले शिकवीत राहिला. जवळजवळ 500 गोष्टी त्याने लिहिल्या. त्यांतली श्याओछियेन ही 18 व्या वर्षी मेलेली मुलगी. एका पडक्या देवळापाशी तिला पुरले आहे आणि तिथल्या पिशाचाची ती बटीक झाली आहे. रूप दाखवून, सोने दाखवून तिने वाटसरूंना भुलवायचे आणि पिशाचाने त्यांचे रक्त प्यायचे. मेल्यावरही सुटका नाही, अशी ही वेठ! निंग त्सायछन हा तरुण रूपाला भुलत नाही, सोने बाहेर फेकून देतो. तेव्हा ती सगळे खरे सांगते आणि मागते एवढेच की, माझी हाडे उकरून दुसरीकडे पुरा. त्याने ती आपल्या घराजवळ पुरली. ती मागोमाग आली.

पुढचा भाग आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. निंगची पहिली बायको अंथरुणाला खिळलेली, घरचे सारे म्हाताऱ्या आईवर. आई भुताला भिते. श्याओछियेन दिवसभर स्वयंपाक, पाणी, सारे करते आणि रात्र झाली की मुकाट्याने बाहेर जाते, कारण रात्री तिला घरात ठेवायला आई धजत नाही. ती काही खात नाही, पीत नाही. आईचा शीण हलका होतो, भीती जाते, ती तिला जवळ घेऊ लागते. सहा महिन्यांनी ते भूत थोडी पातळ पेज घेऊ लागते. लग्न त्यानंतर, पहिली बायको वारल्यावर.

पुढच्या वर्गाला आम्ही ही गोष्ट सांगितली. त्या बाईंना रात्रपाळीला जायचे होते, अर्ध्यातून उठाव्या लागल्या. चप्पल घालता घालता त्यांनी विचारले, "भाऊ, मग ती जेवली का न्हाई?"

पेज घेतली, असे आम्ही सांगितले.