केजन अकॉर्डियन व त्याचा विश्वासू कारागीर

पेटी विकत घेणाऱ्याला पेटीचें बाहेरचें अंग तेवढें दिसतें. लांकडाची चकाकी, बटणांची झिलई, भात्यावरचें कापड हीं डोळ्यांना सुखवितात. पण जिच्यामुळें सूर निघतो ती धातूची जीभ पेटीच्या पोटांत असते आणि ग्राहकाच्या दृष्टीस सहसा पडत नाहीं. म्हणून अशा वाद्याच्या खरेदींत वाद्याबरोबर त्याच्या कर्त्याचीही पारख करावी लागते. अमेरिकेंतील लुइझियाना राज्यांत हाताने घडविल्या जाणाऱ्या केजन अकॉर्डियनच्या बाबतींत ही पारख हा एक विचार करण्याजोगा विषय होऊन बसला आहे.

केजन लोक मूळचे फ्रेंच. कॅनडांतील अकेडिया प्रदेशांत त्यांचे पूर्वज नांदत होते. १७५५ पासून इंग्रजांनीं त्यांना तेथून हुसकून लावलें आणि पुढील तीस वर्षांत त्यांपैकीं पुष्कळ कुटुंबें लुइझियानाच्या पाणथळ मुलखांत येऊन स्थिरावलीं. ‘अकेडियन’ शब्द जिभेवर झिजून ‘केजन’ झाला. त्यांच्या नाचगाण्याला प्रथम साथ होती ती फिडलची. अकॉर्डियन मागाहून, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, जर्मनीहून आलें आणि पाहतां पाहतां घरचें होऊन गेलें. १९२८ सालीं जो फाल्कन व क्लेओमा ब्रो यांनीं न्यू ऑर्लिन्स येथें ‘आलों आ लाफायेत’ हें गीत ध्वनिमुद्रित केलें. केजन संगीताची ती पहिली तबकडी. दुसऱ्याच वर्षीं अमेदे आर्द्वां या कृष्णवर्णी क्रिओल वादकानें डेनिस मगी याच्या फिडलच्या जोडीनें आपलें वादन तबकडीवर उतरविलें.

वाद्य लहानसें. उजव्या हाताला एकाच ओळींत दहा बटणें. बटण तेंच, परंतु भाता दाबला तर एक स्वर आणि ओढला तर दुसरा. प्रत्येक स्वरामागें चार रीड: एक खर्जाची, दोन मध्य सप्तकांतल्या, एक तारेची. माथ्यावरील चार खुंट्या वर-खालीं करून हवी ती ओळ उघडतां किंवा मिटतां येते. दहा बटणें, दोन दिशा, चार ओळी. म्हणजे एकट्या उजव्या हाताखालीं ऐंशी जिभा झाल्या, डाव्या हाताच्या खर्जाच्या त्या वेगळ्याच. मराठी घरांतील हार्मोनियमचें आणि याचें कूळ एकच. आपल्या पेटींत ही जीभ पितळेची असते, येथें पोलादाची, एवढाच भेद. सबंध वाद्य एकाच पट्टींत बांधलेलें असतें. पांढरी एकचीं वाद्यें सर्वांत अधिक, पांढरी दोनचींही पुष्कळ.

जुन्या वादकांच्या हातांत ‘मोनार्क’ आणि ‘स्टर्लिंग’ या छापांचीं काळीं जर्मन वाद्यें असत, आणि त्यांच्या आवाजाची थोरवी आजही गाइली जाते. १९३० नंतरच्या दशकांत तंतुवाद्यांच्या ताफ्यांनीं अकॉर्डियनला मागें सारलें. पुढें १९३९ ते १९४५ च्या महायुद्धानें जर्मनीची आयातच तुटली. युद्ध संपल्यावर १९४८ सालीं आयरी लेजून या जवळजवळ अंध वादकाची तबकडी निघाली आणि लोकांना पुन्हा या वाद्याची ओढ लागली. पण वाद्य आणावें कोठून? जुनीं वाद्यें झिजलेलीं आणि नवीं मिळेनात. या अडचणींतून लुइझियानांतील कारागीर जन्मास आला. लेक चार्ल्स येथील सिडनी ब्राउन हा त्यांतला आद्य समजला जातो. मोडक्या वाद्यांच्या अंतरंगाचा अभ्यास करीत त्यानें नवीं घडविलीं. त्याच्यामागून आलेल्यांत यूनिस गांवच्या मार्क सॅव्हॉय याचें नांव मोठें. त्यानें १९६६ सालीं तेथें दुकान थाटलें, ‘अकेडियन’ या नांवानें वाद्यें केलीं, आणि स्वतः नामांकित वादक असलेल्या या कारागिराला १९९२ सालीं अमेरिकन शासनाकडून लोककलावंतांचा राष्ट्रीय सन्मान मिळाला.

आज लहान लहान गांवांतून, बहुधा घरामागच्या खोलींत, अनेकजण हें काम करितात. कोणी पोटासाठीं करितो, कोणी निवृत्तीनंतरचा छंद म्हणून. छंदिष्टाचें काम हलकें आणि धंदेवाईकाचें भारी, असा मात्र नियम नाहीं.

मग निवड करावी कशी? नव्या वाद्याकडे पाहण्यापूर्वीं त्याच कारागिराचें दहा-पंधरा वर्षांपूर्वींचें वाद्य शोधून काढावें, हें सर्वांत उत्तम. नवें असतां प्रत्येक वाद्य गोड बोलतें. लुइझियानाची हवा दमट आणि उन्हाळा कडक. लांकूड फुगतें, पोलाद गंजतें, आणि रीड ज्या मेण-राळेनें बसविलेल्या असतात तें मिश्रण बंद मोटारींत तापून मऊ पडतें. दहा वर्षें शनिवारच्या नाचाला वाजून, घाम आणि हवा खाऊनही जें वाद्य सुरांत राहिलें, तें आपल्या कर्त्याविषयीं कोणत्याही जाहिरातीहून अधिक सांगतें. त्या वाद्याच्या मालकाला आणखी एक प्रश्न विचारावा: बिघाड झाला तेव्हां कारागीर कसा वागला? स्वतः केलेलें वाद्य दुरुस्तीला परत आल्यावर ज्याच्या कपाळाला आठी पडते, त्याच्यापासून दूर राहिलेलें बरें.

दुसरी कसोटी स्वरांची, आणि येथें मराठी श्रोत्याला परक्या मुलखांतही ओळखीचें माणूस भेटल्यासारखें वाटेल. केजन वादकांचा जुना कल असा कीं, अकॉर्डियनचा गंधार पियानोच्या गंधाराहून किंचित उतरलेला असावा. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर सुमारें चौदा भाग खालीं, म्हणजे आपल्या शुद्ध गंधाराच्या जागीं, तो षड्जाशीं मिळून जातो. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं श्रुतींचा हिशेब मांडला तो अशाच अंतरांसाठीं, आणि १९४० सालीं आपल्या नभोवाणीनें हार्मोनियमला केंद्राबाहेर काढलें त्यामागेंही याच समान अंतराच्या स्वरांविषयींची तक्रार होती. ती बंदी १९७१ पासून सैल होऊं लागली. लुइझियानांतही विजेच्या सूरमापकावर सगळे स्वर सरसकट समान अंतरावर बसवून देणारा कारागीर भेटूं शकतो. सूरमापक त्याला बरोबर म्हणेल, पण शेजारीं उभा राहिलेला फिडलवाला म्हणणार नाहीं. पियानो किंवा गिटारच्या संगतीसाठीं कोणी समान अंतरच मागेल. तो त्याचा अधिकार आहे. परंतु ‘गंधार कोठें ठेवतां?’ या प्रश्नाला ज्या कारागिरापाशीं उत्तर नाहीं, त्यानें कानानें काम केलेलें नाहीं असें खुशाल समजावें. चुकीचा हात येथें महाग पडतो. जिभेच्या टोकाकडे खरवडलें कीं सूर चढतो, बुडाशीं खरवडलें कीं उतरतो. आणि एकदां खरवडलेलें पोलाद परत येत नाहीं.

तिसरी गोष्ट म्हणजे वाद्य उघडून दाखविण्याची तयारी. वरून कीर्तन आंतून तमाशा, ही म्हण लांकडाच्या पेटीलाही लागू पडते. उघडल्यावर मेण सारखें ओतलेलें आहे ना, हवा अडविणाऱ्या चामड्याच्या झडपा सपाट बसल्या आहेत ना, जीभ आणि तिची खांच यांतली फट केसासारखी बारीक व दोन्ही बाजूंस सारखी आहे ना, एवढें नवशिक्यालाही पाहतां येतें. रीड बहुधा इटलींतून येतात. कास्तेलफिदार्दो हें त्या धंद्याचें माहेर. बाहेरून रीड आणणें हा कांहीं दोष नव्हे, पण त्यांची प्रत सांगणें हें कारागिराचें कर्तव्य आहे. तेथें ‘हाताची’ अशी एक प्रत आहे आणि ‘हातासारखी’ अशी दुसरी, कमी किंमतीची. या दोन नांवांतला भेद ग्राहकाच्या अज्ञानावर सोडून देणारा माणूस इतर बाबतींतही तसेंच करील.

भात्याची परीक्षा सोपी आहे. बटणांची बाजू वर धरून, एकही बटण न दाबतां, भाता आपल्या वजनानें खालीं सुटूं द्यावा. सावकाश उतरला तर ठीक. धपकन् उघडला तर हवा कोठेंतरी गळते आहे. मग एकेक खुंटी उघडून, अगदीं हलक्या दाबानें, प्रत्येक बटण दोन्ही दिशांनीं वाजवावें. जोरानें वाजविल्यास आळशी रीडही बोलते. खर्जाची जीभ हळू दाबाला उशिरा बोलली तर ती तशीच ऐकून सोडूं नये.

दूर राहणाऱ्या ग्राहकाला यांतलें पुष्कळसें करतां येत नाहीं. चांगल्या कारागिराकडे वाट पाहावी लागते, आगाऊ रक्कम द्यावी लागते, आणि कित्येक महिन्यांची शिल्लक केवळ शब्दावर दुसऱ्याच्या हवालीं होते. अशा वेळीं रीडची प्रत, स्वरांची ठेवण, लांकूड आणि वाद्य हातीं पडण्याची मुदत हें सगळें कागदावर उतरवून घ्यावें. सरळ माणसाला त्याचा राग येत नाहीं. शिवाय नव्या रीड वाजवून वाजवून बसतात आणि कांहीं महिन्यांनीं वाद्य पुन्हा सुरांत लावून घ्यावें लागतें. ही पहिली लावणी किंमतींत धरलेली आहे कीं नाहीं, आणि वाद्य पाठविण्या-आणण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हेंही आगाऊ रक्कम देण्यापूर्वींच विचारून ठेवलेलें बरें.