काचेच्या धाग्याची मोटार

काच म्हटली की ती फुटायचीच, अशी आपली समजूत असते. कंदिलाची काच असो की हातातली बांगडी असो, निसटली की तिचे तुकडे झालेच. तेव्हा ‘काचेचे मडगार्ड’ असे मी म्हटले तर तुम्ही मला हसाल. पण कोकणच्या किनाऱ्यावर ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांनी लाकडी होड्यांच्या शेजारी ओढून ठेवलेली एखादी गुळगुळीत, रंगीत होडी खात्रीने पाहिली असेल. ती होडी काचेच्या धाग्याची असते. बाजारात या मालाला फायबर ग्लास म्हणतात. याच मालातून हौशी माणसे घरच्या घरी मोटारीचे मडगार्ड, बॉनेट, इतकेच काय, सबंध बॉडीसुद्धा तयार करतात. ते कसे, आणि त्यात सांभाळायचे काय, हे आज आपण पाहू या.

प्रथम हा माल आहे तरी काय? वाळू आणि चुनखडीसारखे खनिज पदार्थ भट्टीत वितळवून त्यांचा रस बारीक भोकांतून ओढून काढला की काचेचा धागा होतो. तो माणसाच्या केसापेक्षाही पुष्कळ बारीक असतो. जाड काच मोडते, पण इतका बारीक धागा वाकतो, आणि ओढला तर सहसा तुटत नाही. मात्र नुसता धागा म्हणजे कापूसच. त्याला आकार कोण देणार? तो देते रेझीन, म्हणजे मधासारखी दाट अशी रासायनिक राळ. आपल्याकडे मातीच्या भिंतीत गव्हाचे काड किंवा भुसा मिसळतात. नुसती माती वाळली की तडकते, आणि नुसते काड उभे राहत नाही. दोन्ही एकत्र आली म्हणजे भिंत होते. इथेही तसेच. धागा ताण सोसतो आणि राळ त्याला जागेवर धरून ठेवते.

अमेरिकेत १९५३ साली शेव्हरोले कंपनीने कॉर्व्हेट नावाची मोटार काढली. तिची सारी बॉडी फायबर ग्लासची होती. पहिल्या वर्षी अशा ३०० गाड्या झाल्या. पत्र्याची बॉडी करायची तर अवजड प्रेस आणि महागडे पोलादी ठसे लागतात. फायबर ग्लासला लागतो तो एक साचा, एक ब्रश आणि दोन शहाणे हात. म्हणूनच ही विद्या कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली आणि हौशी माणसांच्या घरापर्यंत पोचली.

अशाच एका हौशी माणसाची गोष्ट सांगतो. कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स नावाचे गृहस्थ होते. धंदा शिडाच्या होड्या बांधण्याचा, त्यामुळे फायबर ग्लासवर हात बसलेला. समुद्रकाठच्या वाळूत पळवायला एक हलकी गाडी असावी, असे त्यांच्या मनाने घेतले. न्यूपोर्ट बीच येथे आपल्या घरच्या गॅरेजमध्ये त्यांनी १९६४ साली ती गाडी उभी केली. बॉडी होडीसारखी एकसंध, आणि इंजिन व इतर यंत्रे फोक्सवॅगनच्या लहान मोटारीची. आखूडशेपटी गाडी म्हणून तिला शेपूट नसलेल्या मांजरांच्या एका जातीचे नाव मिळाले, मँक्स. पहिल्या बारा-एक गाड्या त्यांनी याच धर्तीवर केल्या. पण खर्च फार येऊ लागला. मग फोक्सवॅगनचाच तळ सुमारे १४ इंच कापून आखूड करायचा आणि त्यावर फायबर ग्लासचे कवच बसवायचे, अशी सोपी रीत त्यांनी काढली. ते कवच आणि त्याबरोबरचे सुटे भाग विकत घ्यावेत आणि गिऱ्हाइकाने आपल्या घरी गाडी जोडावी. असे हजारो संच खपले.

पुढे काय झाले, तेही ऐकण्यासारखे आहे. ज्या गुणाने मेयर्स मोठे झाले, त्याच गुणाने त्यांचे नुकसान केले. फायबर ग्लासच्या तयार कवचावरूनच दुसरा साचा काढता येतो. लोकांनी एक कवच विकत घ्यावे, त्यावर साचा घ्यावा आणि आपल्या नावाने माल विकावा, असे सुरू झाले. मेयर्स यांनी पेटंट घेतले होते, पण न्यायालयात ते टिकले नाही. १९७१ साली त्यांची कंपनी बंद पडली. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी हा उद्योग पुन्हा सुरू केला, त्यांची पहिली तांबडी गाडी ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली, आणि २०२१ साली, ९४ व्या वर्षी, ते वारले. तेव्हा साच्याची ही दोन्ही अंगे ध्यानात ठेवा. दुसऱ्याच्या मालावरून साचा घेणे फार सोपे आहे; नवा आकार स्वतः घडवणे हेच खरे काम.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. समजा, एका मडगार्डचे काम आहे. त्याच्या तीन पायऱ्या: आधी नमुना, नमुन्यावरून साचा आणि साच्यातून वस्तू. नमुना म्हणजे हव्या त्या आकाराचे हुबेहूब मडगार्ड, लाकूड आणि प्लॅस्टर यांचे केलेले. हलके म्हणून कोणी थर्मोकोल घेतात, आणि त्यावर पॉलिएस्टर रेझीन लावताच नमुना डोळ्यांदेखत विरघळतो. तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. नमुन्यावर लांबी भरावी, वॉटर पेपरने पाणी लावून घासावे, रंग द्यावा, पुन्हा घासावे. बोट फिरवले तर कुठे अडकता कामा नये. कारण नमुन्यावरचा ओरखडा साच्यात उतरतो आणि साच्यातला ओरखडा प्रत्येक मडगार्डवर उतरतो. मोदकाच्या साच्याची पाकळी तुटकी असली की एकवीसच्या एकवीस मोदक तुटक्या पाकळीचे होतात, त्यातलाच प्रकार! साऱ्या कामाचा निम्म्याहून अधिक वेळ इथे गेला तरी तो वाया गेला असे समजू नका.

आणखी एक गोष्ट नमुना करतानाच पाहायची. बादलीत ओली वाळू दाबून भरली आणि ती पालथी घातली, तर वाळूचा गोळा अलगद सुटतो. हीच वाळू कळशीत भरली तर? गळा अरुंद, ती निघायची नाही. मडगार्डचा आकारही बादलीसारखा, तोंडाकडे पसरट असावा. कुठे आत वळलेला भाग हवाच असेल, तर साचा दोन तुकड्यांत करून बोल्टने जोडावा. आणि हेही विसरू नका की डाव्या बाजूचा साचा उजव्या बाजूला चालत नाही. त्यासाठी दुसरा नमुना आणि दुसरा साचा लागतो.

नमुना तयार झाला की त्यावर मेणाचे चार-पाच हात द्यावे आणि प्रत्येक हात कोरड्या फडक्याने चकचकीत करावा. करंजीच्या साच्याला आपण तूप लावतो ना, तेच हे. मग जेलकोट नावाचा दाट थर सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा लावावा. तो बोटाला चिकट लागतो पण बोटावर येत नाही, अशा बेताला आला की त्यावर काचतंतूची चटई अंथरावी आणि रेझीनने भिजवावी. इथे ब्रश भिंत रंगवल्यासारखा ओढायचा नाही, ठोकत ठोकत लावायचा. ओढला तर धागे गोळा होतात. पांढरी चटई भिजून पारदर्शक झाली म्हणजे ती नीट मुरली. मग खाचांच्या रुळाने हवेचे बुडबुडे बाहेर काढावे. राहिलेला बुडबुडा पुढे उन्हात फुगतो आणि तिथे पापुद्रा सुटतो. साचा वस्तूच्या दुप्पट तरी जाड करावा आणि पाठीमागून लाकडी पट्ट्यांचा आधार द्यावा, म्हणजे तो पिळवटत नाही. साचा पूर्ण कडक झाला की नमुन्यावरून सोडवावा आणि त्याच्या आत, त्याच क्रमाने, मेण, जेलकोट, चटई असे मडगार्ड घडवावे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना फळ्यावर मांडायला एक हिशेब देतो. मडगार्ड एक मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद धरू. क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर झाले. दर चौरस मीटरला ४५० ग्रॅम भरणाऱ्या चटईचा एक थर सुमारे एक मिलिमीटर जाडी देतो. तीन थर द्यायचे, म्हणजे दीड चौरस मीटर चटई, वजन ६७५ ग्रॅम. हाताच्या कामात चटईच्या दुप्पट ते अडीचपट रेझीन लागते, म्हणजे साधारण १३५० ते १७०० ग्रॅम. रेझीन जास्त ओतले तर वस्तू मजबूत होत नाही, जड आणि ठिसूळ होते. ताकद धाग्याची असते, राळेची नव्हे.

आता जे सांगणार आहे ते मात्र कान देऊन ऐका. रेझीन घट्ट करायला दोन द्रव लागतात. एक कोबाल्टचा जांभळा प्रवेगक आणि दुसरा पाण्यासारखा दिसणारा हार्डनर. आपल्याकडच्या दुकानांत ते पुष्कळदा सुट्या बाटल्यांतून मिळतात. हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. आग लागते, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझीनमध्ये पूर्ण ढवळावा, आणि मगच हार्डनर घालावा. हार्डनरचे प्रमाण साधारणपणे शंभर भागांना एक ते दोन भाग असते. नेमके किती, ते माल बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणेच घ्यावे. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या जागी ठेवा, आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर मुळीच भरू नका. घरात लेकरे असतात.

हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तरी दृष्टी जाऊ शकते. म्हणून चष्मा लावल्याशिवाय बाटलीचे बूच काढू नये. गेलाच तर निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि तडक डॉक्टरकडे जावे. रेझीनची वाफ डोके चढवते, आणि ती पेटतेही. काम उघड्या पडवीत करावे. स्वयंपाकघराशेजारी नको, जवळ विडीही नको. तोंडाला साधा रुमाल बांधून ही वाफ अडत नाही, त्यासाठी रासायनिक वाफेचा मास्क लागतो. वाळलेला माल घासताना काचेची धूळ उडते, तेव्हा पाणी लावून घासावे. उरलेले रेझीन मगात तसेच ठेवले तर आपोआप तापून धुमसू लागते. ते पसरट पत्र्यात ओतून बाहेर ठेवावे. उन्हाळ्यात दुपारी हे सारे भराभर घट्ट होते, म्हणून सकाळचा गारवा गाठावा. पावसाळी दमट हवेत चटई ओलावा धरते आणि काम फसते. आणि हा माल एकदा कडक झाला की पुन्हा वितळत नाही. त्याचे तुकडे बांधावर टाकू नका आणि शेकोटीतही घालू नका.

तुम्ही म्हणाल, इतके सगळे करून गाडी रस्त्यावर काढता येईल ना? तर त्याचे उत्तर सावधपणे द्यायला हवे. नोंदणी झालेल्या वाहनात मूळ बनावटीला सोडून फेरबदल करायला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने बंदी आहे, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही गोष्ट स्पष्ट केली आहे. तेव्हा हौसेची गाडी आपल्या शेतात किंवा बंद आवारात चालवावी, आणि रस्त्यावरच्या गाडीला हात लावण्याआधी परिवहन कार्यालयात विचारावे. शिवाय मडगार्ड, बॉनेट हे कवचाचे भाग. गाडीचा सांगाडा, स्टिअरिंग, ब्रेक यांच्याशी घरगुती प्रयोग करू नयेत. तिथे जिवाशी गाठ आहे.

शाळेत मात्र ही रसायने आणू नका. त्यावाचूनही हा धडा देता येतो. एक गुळगुळीत वाडगा पालथा घाला आणि त्याला तेलाचा हात द्या. वर्तमानपत्राच्या पट्ट्या कणकेच्या खळीत भिजवून आडव्या-उभ्या सहा-सात थरांत लावा. दोन-तीन दिवस वाळू द्या आणि अलगद सोडवा. कागद झाला धागा, खळ झाली राळ, तेल झाले मेण, आणि वाडगा झाला साचा. मग तोच प्रयोग तेल न लावता करायला सांगा, आणि तोंड आत वळलेल्या गडूवर करायला सांगा. वाडगा का सुटला आणि गडू का अडला, याचे उत्तर मुले आपणच देतील. ज्या मुलाला ते सुचले, त्याच्या हाताला कारागिरीची पहिली ओळख झाली असे समजावे.

कुंभार, तांबट, मूर्तिकार यांच्या गावांना साच्याची विद्या नवी नाही. माल तेवढा नवा आहे. तो वापरताना दोनच गोष्टी संभाळा: नमुना घासायला आळस करू नका, आणि बाटली उघडायला घाई करू नका.