नेमणुकांची शिडी आणि ब्रिजवरचे तास



संमेलनाच्या अध्यक्षाने वर्षभरातल्या लेखनाचा आढावा घ्यावा, चार उणिवा दाखवाव्यात आणि आशावादी सुरात भाषण संपवावे, अशी आपल्याकडे प्रथा आहे. आज तिला थोडी मुरड घालतो आणि एकच प्रश्न घेतो. युद्धनौकेचा कप्तान घडवायचा असेल, तर त्या माणसाला उमेदीच्या वर्षांत कोणत्या जागी आणि किती काळ ठेवावे? प्रश्न वरवर रुक्ष वाटतो. बदल्या, बढत्या आणि गोपनीय अहवाल यांच्या फायलींतला. पण 2017 साली दोन महिन्यांच्या अंतराने झालेल्या दोन अपघातांत अमेरिकी नौदलाचे 17 खलाशी गेले आणि चौकशीची बोटे शेवटी याच फायलींकडे वळली. जगातल्या सर्वांत बलाढ्य नौदलाला ज्या प्रश्नाने घाम फोडला, तो समजून घेणे आपल्यालाही उपयोगाचे आहे.

आधी घटना पाहू. 17 जून 2017 रोजी रात्री दीडच्या सुमारास जपानच्या किनाऱ्याजवळ ‘फिट्झजेराल्ड’ ही विनाशिका ‘एसीएक्स क्रिस्टल’ या मालवाहू जहाजाला धडकली. 7 खलाशी बुडाले. समोरचे जहाज उजव्या हाताला होते, म्हणजे वाट देण्याची जबाबदारी विनाशिकेची होती. 21 ऑगस्टला पहाटे 5 वाजून 24 मिनिटांनी सिंगापूरच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी ‘जॉन एस. मॅक्केन’ ही विनाशिका ‘अल्निक एमसी’ या टँकरच्या वाटेत गेली आणि आणखी 10 जण मृत्यू पावले. या दुसऱ्या अपघातातली शेवटची मिनिटे बारकाईने पाहण्यासारखी आहेत. सुकाणू आणि वेग ही दोन्ही कामे एकाच खलाशाला झेपत नाहीत, असे दिसल्यावर कप्तानाने वेगाचे नियंत्रण शेजारच्या कन्सोलकडे द्यायला सांगितले. टचस्क्रीनवर हा बदल करताना सुकाणूचे नियंत्रणही नकळत तिकडेच गेले. सुकाणूवरच्या खलाशाला वाटले, सुकाणू निकामी झाले. वेग कमी करण्याचा हुकूम सुटला. पण पडद्यावर दोन्ही पंख्यांची नियंत्रणे तेव्हा एकमेकांशी जोडलेली नव्हती. त्यामुळे फक्त डावीकडच्या पंख्याचा वेग उतरला, उजवा पंखा जोरात फिरत राहिला आणि नौका डावीकडे, थेट टँकरच्या पुढ्यात वळली. यंत्र बिघडलेच नव्हते. ते कसे वागते हे ब्रिजवर, म्हणजे नौका चालवण्याच्या कक्षात, उभ्या असलेल्यांना पुरते ठाऊक नव्हते. सुकाणूशी संबंधित काही खलाशी तर ‘अँटिएटम’ या दुसऱ्या नौकेवरून तात्पुरते आलेले होते आणि तिथली नियंत्रणे वेगळी होती.

आता हे ब्रिजवरचे अधिकारी कोणत्या वाटेने तिथवर येतात ते पाहा. अमेरिकेत पाण्यावरच्या युद्धनौकांवर काम करणाऱ्या अधिकाऱ्याला सरफेस वॉरफेअर ऑफिसर म्हणतात. तो नौकेवर येतो तेव्हा डिव्हिजन ऑफिसर असतो, म्हणजे खलाशांच्या एका तुकडीचा प्रमुख. ही तुकडी इंजिनघरातली असू शकते, तोफखान्यातली असू शकते किंवा डेकवरची. तुकडी सांभाळता सांभाळता त्याने ब्रिजवर वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, करायचा, ‘ऑफिसर ऑफ द डेक’ ही, म्हणजे पाळीपुरती नौका सांभाळण्याची, पात्रता मिळवायची आणि छातीवर शाखेचा बिल्ला लावायचा. दुसऱ्या नेमणुकीत नौका बदलते, कामही बदलते. मग काही वर्षे किनाऱ्यावर: उच्च शिक्षण, प्रशिक्षक म्हणून काम किंवा एखादे मुख्यालय. त्यानंतर ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टच्या शाळेतून तो विभागप्रमुख होऊन पुन्हा समुद्रावर येतो. काल इंजिने सांभाळणारा आज क्षेपणास्त्रे सांभाळू शकतो. पुन्हा किनारा, मग एक्झिक्युटिव्ह ऑफिसर, म्हणजे उपकप्तान, आणि त्याच नौकेवर पुढे कप्तान. ॲडमिरल व्हायचे असेल, तर 1986 च्या गोल्डवॉटर-निकोल्स कायद्यामुळे तिन्ही दलांच्या संयुक्त मुख्यालयातली नेमणूकही पदरात हवी. प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे पाहिली तर शहाणपणाची आहे. एकत्र पाहिली, की ध्यानात येते: या शिडीवर सगळे काही मोजले जाते, मोजले जात नव्हते ते फक्त ब्रिजवर प्रत्यक्ष उभे राहून घालवलेले तास. वैमानिकाची कारकीर्द त्याच्या उड्डाणाच्या तासांनी बोलते. युद्धनौकेच्या अधिकाऱ्याच्या हाती अशी नोंदवही आली ती 2018 साली, 17 माणसे गमावल्यावर.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. अधिकाऱ्याचा विकास त्याच्या नेमणुकांच्या विविधतेने होतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो एका कामावर हात बसेपर्यंत टिकू दिल्याने होतो आणि ज्या व्यवस्थेत हात बसण्याआधी जागा बदलते, त्या व्यवस्थेत वरवर तयार दिसणारी पण आतून कच्ची माणसे नेतृत्वाच्या जागी पोहोचतात. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आपल्याला ठाऊक आहेच. ती शिस्तबद्ध आणि बुद्धिमान माणसांच्या व्यवस्थेलाही लागू पडते.

याला पुरावा काय? पहिला पुरावा नौदलाने स्वतःच गोळा केला. 2018 च्या सुरुवातीला ‘ऑफिसर ऑफ द डेक’ ही पात्रता आधीच मिळवलेल्या 164 तरुण अधिकाऱ्यांची सिम्युलेटरवर परीक्षा घेतली गेली. निर्वेध पार पडले अवघे 27. 108 जणांबद्दल परीक्षकांनी काही शंका नोंदवल्या आणि 29 जणांबद्दल गंभीर शंका. हे सगळे कागदोपत्री उत्तीर्ण होते, रात्री समुद्रात नौका त्यांच्या हाती दिली जात होती. दुसरा पुरावा इतिहासातला. 2003 साली नौदलाने नव्या अधिकाऱ्यांचा न्यूपोर्टमधला पायाभूत वर्ग बंद केला आणि त्यांच्या हाती सीडी दिल्या. नौकेवर जा, वेळ मिळेल तसा अभ्यास करा आणि वरिष्ठांकडून शिकून घ्या. वर्गातले प्रशिक्षण पुन्हा सुरू झाले ते 2012 साली. सीडीवर वाढलेली ती पिढी पुढे विभागप्रमुखाच्या खुर्चीत बसली आणि खालच्यांना शिकवण्याचे काम तिच्याकडे आले. तिसरा पुरावा संख्येचा. या शाखेतून लवकर बाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण इतर शाखांपेक्षा जास्त आहे आणि स्त्री-अधिकाऱ्यांमध्ये ते आणखी जास्त आहे. पुढे विभागप्रमुख कमी पडू नयेत म्हणून सुरुवातीलाच गरजेपेक्षा जास्त अधिकारी भरले जातात. परिणाम उघड आहे. ब्रिज एकच, वॉचच्या पाळ्या ठरलेल्या आणि शिकणारे दाटीवाटीने उभे. प्रत्येकाच्या वाट्याला समुद्र कमी येतो. ज्याला काम नीट शिकायला मिळत नाही तो कंटाळून जातो. तो जातो म्हणून आणखी माणसे भरली जातात. हे चक्र कितीही अभ्यासक्रम वाढवले तरी थांबणार नाही, कारण त्याचे मूळ नेमणुकांच्या आखणीत आहे.

अमेरिकेने ही वाट निवडली तीही विचार करूनच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाफेच्या इंजिनांनी शिडे हटवली, तेव्हा डेकवरचे अधिकारी आणि इंजिनघरातले अभियंते यांच्यात मानापानाचे मोठे भांडण होते. थिओडोर रूझवेल्ट नौदल खात्यात सहायक सचिव असताना त्यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने तोडगा सुचवला आणि 1899 च्या कायद्याने दोन्ही शाखा एक झाल्या: प्रत्येक अधिकाऱ्याला दोन्ही आले पाहिजे. ब्रिटननेही 1902 साली ॲडमिरल फिशर यांच्या पुढाकाराने तसाच प्रयोग केला, पण पहिल्या महायुद्धानंतर तो सोडून दिला आणि अभियंते पुन्हा वेगळे झाले. भारतीय नौदलाने ब्रिटिशांची वाट घेतली. आपल्याकडे नौका चालवणे आणि लढवणे हे एक्झिक्युटिव्ह शाखेचे काम. इंजिने अभियांत्रिकी शाखेकडे, वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स विद्युत शाखेकडे. 1945 पासून लोणावळ्याला उभी असलेली आयएनएस शिवाजी ही संस्था याच विभागणीतून आपले अभियंते घडवते. एक्झिक्युटिव्ह अधिकारी आधी वॉचकीपिंगचे प्रमाणपत्र मिळवतो आणि मग तोफखाना, नौकानयन, पाणबुडीविरोधी युद्ध किंवा संदेशवहन यांपैकी एका विषयात कोचीला दीर्घ प्रशिक्षण घेतो. व्यापारी जहाजांवर तर ही विभागणी आणखी पक्की आहे. 1978 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार डेक-अधिकाऱ्याला पहिला परवाना मिळण्याआधी ठरलेली समुद्रसेवा आणि त्यात देखरेखीखालचा ब्रिजवरचा वॉच पुरा करावा लागतो. मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाच्या परीक्षेला बसलेली आपली मुले सेकंड मेटपासून मास्टरपर्यंत चढतात ती त्याच एका कामात खोल जात. त्यांना मधल्या काळात कुणी इंजिनघरात धाडत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे: युद्धनौका म्हणजे मालवाहू जहाज नव्हे. कप्तानाला एकाच वेळी चालवायचे, लढायचे, आग विझवायची आणि जखमी नौका तरंगती ठेवायची असते. इंजिनघर न पाहिलेला माणूस इंजिनाला न झेपणारा हुकूम सोडेल. यात तथ्य आहे. 2017 च्या दोन्ही नौका टकरीनंतर बुडाल्या नाहीत, त्यांच्या खलाशांनी त्या वाचवल्या, हे विसरता येत नाही. शिवाय शाखा वेगळ्या केल्या की भिंती उभ्या राहतात आणि हुशार अभियंत्याला नौकेच्या कप्तानपदाची वाट बंद होते. आपल्या पद्धतीत ही किंमत आपण मोजतोच. म्हणूनच पहिल्या दिवसापासून माणसांची वाटणी करा, असे माझे म्हणणे नाही. पहिली काही वर्षे सर्वांना नौकेचा प्रत्येक कोपरा दाखवा. विभागप्रमुखाच्या पायरीवर मात्र फाटा असावा: एकाने यंत्रांत खोल जावे, दुसऱ्याने नौकानयन आणि युद्धात. सर्व विभागांची ओळख असणे आणि सर्व विभागांचे ओझे आलटून पालटून वाहणे यांत मोठा फरक आहे. अमेरिकेच्या सरफेस वॉरफेअर शाखेतल्याच बहुसंख्य अधिकाऱ्यांनी अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाला, म्हणजे गाओला, हेच सांगितले: एका विषयात खोल जाऊ दिले तर आमचे काम सुधारेल.

दुसरा आक्षेप असा, की हे अपघात कारकिर्दीच्या आखणीमुळे नव्हे, तर कामाच्या अतिरेकामुळे झाले. जपानमधल्या नौकांना उसंत नव्हती. जून 2017 मध्ये तिथल्या क्रूझर आणि विनाशिकांच्या युद्धसज्जतेच्या प्रमाणपत्रांपैकी 37 टक्के मुदतबाह्य होती. झोप अपुरी, माणसे अपुरी. हे सगळे खरे आहे आणि दोष खालच्या अधिकाऱ्यांवर ढकलण्यापेक्षा हे बोलणे अधिक प्रामाणिक आहे. मॅक्केनच्या अपघातात अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानेही मूळ कारण नौदलाच्या देखरेखीतली उणीव हेच ठरवले. पण थकवा आधीच असलेली कमतरता उघडी पाडतो. हात पक्का बसलेला माणूस थकल्यावर चुका करतो. हात न बसलेला माणूस थकला, तर आपण चूक करतो आहोत हेही त्याच्या लक्षात येत नाही. शिवाय 164 जणांची ती परीक्षा सिम्युलेटरवर झाली, जपानच्या धावपळीत नव्हे.

तिसरा आक्षेप: सुधारणा झाल्याच आहेत, मग ही चर्चा कशाला? झाल्या आहेत आणि चांगल्या आहेत. पहिली समुद्रसेवा 30 महिन्यांपर्यंत वाढवली, तरुण अधिकाऱ्यांसाठी ब्रिजवरच्या कामाचे खास वर्ग सुरू झाले, कारकिर्दीच्या टप्प्यांवर नौकाचालनाच्या चाचण्या आल्या, टचस्क्रीनऐवजी हाताने ढकलायचे वेगनियंत्रक परत बसवायचे ठरले. तरीही 2021 च्या अहवालात गाओने नोंदवले, की या शाखेच्या कारकिर्दीची मूळ रचना शतकाहून अधिक काळ फारशी बदललेली नाही आणि तिचे ठराविक काळाने मूल्यमापन करण्याची व्यवस्थाही नाही. म्हणजे शिडी 1899 च्या तडजोडीवरच उभी आहे. पायऱ्यांना नवे कठडे लावले, एवढेच.

हा परक्या देशाचा प्रश्न मराठी संमेलनात का, असे कुणी विचारील. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली आणि तेलाचा तवंग आपल्या किनाऱ्याला लागला. 30 जानेवारी 2011 रोजी याच बंदरात ‘नॉर्डलेक’ या मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन आपली ‘विंध्यगिरी’ ही युद्धनौका पेटली आणि धक्क्याला आणल्यावर बुडाली. ब्रिजवरच्या माणसाचे कसब हा मुंबईसाठी लांबचा विषय नाही. शिवाय अमेरिकेकडून घेण्यासारखी दुसरी एक गोष्ट आहे. आपली चूक त्यांनी छापली. नौदलाचा अहवाल, सुरक्षा मंडळाचा अहवाल, गाओचा अहवाल, सारे कुणालाही वाचता येते; मिनिटामिनिटाच्या नोंदींसह. आज मी जे काही मांडले, ते या छापील कबुलीमुळेच मांडता आले.

आपले सागरी लेखन मात्र अजून पराक्रमापाशी थबकले आहे. सरखेल कान्होजींवर आपण लिहितो आणि लिहिलेच पाहिजे. पण सेकंड मेटच्या पहिल्या रात्रीच्या वॉचमध्ये काय काय पाहावे लागते, रडारवरचा ठिपका कधी धोक्याचा ठरतो, वरिष्ठ अधिकारी तरुणाला कसा शिकवतो किंवा शिकवत नाही, यावर मराठीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही पुस्तके नाहीत. या सभागृहात निवृत्त कप्तान आहेत, मुख्य अभियंते आहेत, नौदलातून निवृत्त झालेले अधिकारी आहेत. त्यांना माझी विनंती आहे: गुप्ततेच्या मर्यादा सांभाळून आपल्या कामाचे शास्त्र मराठीत लिहा. कोणत्या नेमणुकीने आपल्याला घडवले आणि कोणती नुसती अहवालात शोभली, हेही स्पष्ट लिहा. पुढच्या पिढीच्या नेमणुका आखणाऱ्यांपुढे तो मजकूर असला पाहिजे, आणि तो लिहू शकणारे तुमच्याशिवाय दुसरे कुणी नाही.