शिक्षण थांबतं तेव्हा

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. पदवीच्या पहिल्या सत्राची परीक्षाही त्याच सुमारास येते. आईवडील फडावर गेले, की धाकटी भावंडं, म्हातारी आजी आणि गोठा मोठ्या मुलीच्या अंगावर पडतो. आधी हजेरी कमी पडते, मग पेपर बुडतो. तिला कुणी काढून टाकलेलं नसतं. ती कॉलेजात यायची बंद होते, इतकंच.

तिच्याच वर्गातला एखादा पोलीस भरतीच्या मागे लागतो. भरतीला बारावी पुरते, मग बी.ए.च्या तासांपेक्षा पहाटेचं मैदान त्याला जवळचं वाटतं. भरती लांबते आणि वर्ष हातचं जातं. आणखी कुणाचे विषय राहतात. एटीकेटीची मर्यादा ओलांडली, की 'इयर डाऊन'. कुणाची शिष्यवृत्ती उशिरा जमा होते, पण खानावळवाला थांबायला तयार नसतो.

श्रोतेहो, कॉलेज सोडताना बहुधा कुणी अर्ज करत नाही. परत यायचं म्हटलं, की मात्र शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र, थकलेली फी आणि बदललेला अभ्यासक्रम पुढे उभा राहतो. शिवाय धाकट्या मुलांत जाऊन बसायचा संकोच असतोच.

२०२०च्या शैक्षणिक धोरणानं ही परतीची वाट थोडी रुंद केली आहे. ठरलेले श्रेयांक (क्रेडिट) आणि एक जोड अभ्यासक्रम पूर्ण केला, तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन थांबता येतं. मिळवलेले श्रेयांक साधारणपणे ७ वर्षांपर्यंत विद्यार्थ्याच्या श्रेयांक-खात्यावर राहतात. रोज वर्गात जाणं ज्यांना शक्यच नाही, त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९पासून आहे.

पण ही सोय त्या मुलीला सांगणार कोण? हजेरीपटावर सलग पंधरा दिवस रेघ दिसली, की वर्गशिक्षकांनी घरी फोन करावा. परीक्षेनंतर केलेल्या चौकशीचा फारसा उपयोग होत नाही. आणि तुमच्या घरात, शेजारात शिक्षण अर्धवट राहिलेलं कुणी असेल, तर प्रवेश सुरू होताच जुन्या गुणपत्रिका घेऊन त्यांच्यासोबत कॉलेजच्या कार्यालयात जा. दोनच प्रश्न विचारा : श्रेयांक किती जमा आहेत, आणि प्रवेश कोणत्या वर्षाला मिळेल?