जैविक झडपांची निवड आणि आपली जबाबदारी
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



हृदयाची निकामी झडप बदलताना यांत्रिक झडप बसवली, तर ती दीर्घकाळ टिकते. परंतु रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि रक्ततपासणी जन्मभर चुकत नाही. जैविक झडपेस पहिल्या काही महिन्यांनंतर बहुधा त्या गोळीची गरज उरत नाही. मात्र ती कालांतराने झिजते.

जैविक झडपांचेही प्रकार आहेत. एकीत डुकराच्या हृदयातील झडपच प्रक्रिया करून वापरतात. दुसरीत गाय-बैलांच्या हृदयावरणाच्या पाकळ्या कापून चौकटीवर शिवतात; लहान आकारात तिच्यातून रक्तप्रवाह अधिक सुलभ होतो. तिसरी मानवी दात्याची. डॉ. डोनाल्ड रॉस यांनी १९६२ साली लंडनमध्ये ती बसवली. पण दाते मोजकेच असल्याने ती क्वचितच मिळते.

वृद्धांत जैविक झडप साधारणतः दहा ते पंधरा वर्षे चालते. तरुणांत कॅल्शियम साचून लवकर निकामी होते. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेले रुग्ण बहुधा तरुणच असतात. मातृत्वाची इच्छा असलेल्या तरुणीस गर्भाला अपायकारक ठरू शकणारी ती गोळी टाळण्यासाठी जैविक झडप सुचवली जाते, तेव्हा दुसरी शस्त्रक्रिया जवळजवळ ठरलेलीच असते.

येथे आमची एक चूक मान्य केली पाहिजे. आमच्या संमतिपत्रावर पूर्वी केवळ 'जैविक झडप' एवढेच लिहिलेले असे. ती कोणत्या प्राण्याची, हे एका रुग्णाच्या वडिलांनी शस्त्रक्रियेनंतर विचारले आणि आम्ही निरुत्तर झालो. श्रद्धेचा हा प्रश्न आधीच विचारला जावयास हवा होता. आता प्राण्याचे नाव, अपेक्षित आयुर्मान व पुढील खर्च मराठीत लिहून, समजावून सांगूनच सही घेतली जाते.

धर्मादाय रुग्णालयांना एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवावी लागते. त्यातून आजच्या झडपेचा खर्च भागवता येतो. दहा वर्षांनंतरच्या शस्त्रक्रियेची तरतूद मात्र आमच्या कोणत्याच खात्यात नाही. त्यासाठी स्वतंत्र राखीव निधी उभारावा, अशी विश्वस्त मंडळास व आपणा सर्वांस आमची नम्र विनंती आहे. झडप देऊन आपले कर्तव्य संपत नाही. ती झिजेल त्या दिवशीही दार उघडे असले पाहिजे.